चार भाषांतलं सोलापुरी बोलणं कागदावर कसं उतरवायचं

सोलापुरात बाजाराच्या दिवशी एखाद्या दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ थांबलं तरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी (म्हणजे दक्षिणेतली उर्दू) अशा चार भाषा कानावर पडतात. पुष्कळदा त्या एकाच माणसाच्या तोंडून येतात. पण हाच माणूस कथेत, एकांकिकेत किंवा घराण्याच्या आठवणींत आला की अचानक पुण्याच्या पाठ्यपुस्तकासारखं बोलायला लागतो. नाहीतर लिहिणारा चार ठिकाणी ‘अय्यो’ आणि दोन ठिकाणी ‘नक्को’ टाकून मोकळा होतो. दोन्हीकडे सोलापूर हरवतं. ज्यांना आपल्या गल्लीतलं बोलणं जसंच्या तसं लिहायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच सांगतो, या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्याकडे भाषा मनाला येईल तशी बदलत नाही. समोर कोण आहे, त्याच्याशी नातं काय आणि काम काय, यावर ती बदलते. म्हणून आधी ते नातं टिपायचं, शब्द त्यानंतर.

आधी थोडी पार्श्वभूमी

ही सरमिसळ कालपरवाची नाही. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, लिहिली ती कन्नडमध्ये, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेनं, म्हणजे रचनेत येणाऱ्या नाममुद्रेनं. आजही संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा ‘बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर सगळ्या भाषांची माणसं मिळून करतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात माग बसवले आणि घरात तेलुगू राखली. १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, मग आणखी गिरण्या आल्या, आणि चारी बाजूंची माणसं एकाच भोंग्यावर कामाला जाऊ लागली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं मोठ्यानं वाचून बघा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. शहर कुणाकुणाचं आहे ते या चार नावांतच कळतं.

आणखी एक माहिती लिहिणाऱ्याच्या फार कामाची आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्यानं तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू वाक्यरचनेत इतकी जवळ आलीय की एका भाषेचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येतं, असं त्यांना आढळलं. आपल्याकडेही कान दिला तर हेच ऐकू येतं. मराठीत ‘अजून नाही’, कन्नडमध्ये ‘इन्नू इल्ला’, तेलुगूत ‘इंका लेदु’, दखनीत ‘अब्बी नै’. शब्द चार, पण क्रम एकच. ‘येतो म्हणून सांगितलं’ यातल्या ‘म्हणून’च्या जागी कन्नडमध्ये ‘अंत’ येतं, तेलुगूत ‘अनि’ आणि दखनीत ‘बोलके’. म्हणूनच माणूस वाक्याच्या मध्यावर भाषा बदलतो आणि अडखळत नाही. तुमच्या लिखाणातही तो अडखळता कामा नये.

पहिली पायरी: वही

एक साधी वही घ्या आणि पान उभं विभागा. कोण बोललं, कुणाशी, कुठे, नेमकं काय, आणि बोलताना हात काय करत होते. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, पण पुढे अर्थ पोचवायला तोच उपयोगी पडतो. ‘कूड्री’ म्हणताना माणसानं खुर्ची पुढे ओढली होती हे लिहून ठेवलं असेल, तर ‘बसा’ असा अर्थ वेगळा द्यावा लागत नाही.

मोबाईलवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी विचारा. विचारल्यावर माणसं जरा नीटनेटकं बोलायला लागतात, ते साहजिक आहे. पहिली काही मिनिटं जाऊ द्या. खरी नावं वहीत ठेवा, लिखाणात आणू नका. आणि टिपण त्याच दिवशी पक्कं करा. रात्र मध्ये गेली की आपलं डोकं ऐकलेलं वाक्य गुपचूप प्रमाण मराठीत नेऊन ठेवतं.

काही जागांवर मुद्दाम लक्ष द्या: पैसे मोजताना, रागावताना, लेकराला समजावताना, देवापुढे हात जोडताना. दिवसभर मराठी बोलणारी बाई नोटा मोजताना ‘ओकटि, रेंडु, मूडु’ म्हणते आणि बेरीज झाली की रक्कम मराठीत सांगते. अशी एक जागा बरोबर टिपली तर पात्राची ओळख करून द्यायला परिच्छेद खर्चावा लागत नाही.

दुसरी पायरी: वाक्य कुणाचं आहे ते ठरवा

मिश्र वाक्यात एक भाषा घरमालक असते, बाकीच्या पाहुण्या. मालक ओळखायची खूण म्हणजे क्रियापद आणि प्रत्यय. ‘ऊटा झालं का?’ यात ऊटा म्हणजे जेवण हा शब्द कन्नड आहे, पण वाक्य मराठी आहे. ‘जेवण आतेन्री?’ यात शब्द मराठी, वाक्य कन्नड. पहिलं वाक्य मराठी माणूस कन्नड शेजाऱ्याशी जवळीक दाखवत बोलेल. दुसरं कन्नड घरातला माणूस मराठी पाहुण्याला सांभाळून घेत बोलेल. दोन्हीत मिसळण सारखंच आहे, पण कोण कुणाकडे सरकलंय ते उलटं आहे.

लिहिताना प्रत्येक वाक्याशी एवढंच विचारायचं: क्रियापद कुणाचं? एकाच वाक्यात अर्धं क्रियापद मराठी आणि अर्धं तेलुगू झालं असेल तर तसं प्रत्यक्षात कुणी बोललेलं ऐकलंय का, ते वहीत तपासा. नसेल तर ते वाक्य काढून टाका.

तिसरी पायरी: मुरलेला शब्द आणि आत्ता आलेला शब्द

‘कारखान्यात पगार झाला, टॉवेलच्या गाठी गेल्या.’ या वाक्यात कारखाना फारसी, पगार पोर्तुगीज, टॉवेल इंग्रजी. कुणालाही हे मिश्र वाटत नाही. तूप, अण्णा, अक्का हे शब्द कन्नडशी आपलं नातं सांगतात, तेही कधीचेच घरचे झालेत. अशा शब्दांना अवतरणचिन्हं लावू नका, तिरकं छापू नका. मागावरचे शब्दही तसेच ठेवा: बीम, बॉबिन, जॉबर, डॉबी, जॅकार्ड. त्यांच्यासाठी संस्कृत प्रतिशब्द घडवून कामगाराच्या तोंडी घातलात तर तो कामगार राहणार नाही.

कसोटी सोपी आहे. ती भाषा न येणारा माणूसही तो शब्द वापरतो का, आणि त्याला मराठी प्रत्यय सहज लागतो का? ‘बीमला’, ‘जॉबरनं’ कुणीही म्हणतं. तेलुगूतलं पाणी म्हणजे ‘नीळ्ळु’. मोहोळहून आलेलं पोरगं ‘नीळ्ळुला’ म्हणणार नाही. म्हणजे तो शब्द मराठीत आलेला नाही, बोलणारा क्षणभर तेलुगूत गेलाय. हा फरक कळला की कोणता शब्द वाचकाला आपोआप समजेल आणि कुठे त्याला हात द्यावा लागेल, तेही कळतं.

चौथी पायरी: देवनागरीत अक्षर बसवणं

इथे खरी मेहनत आहे आणि इथेच सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो.

जोडाक्षरं गाळू नका. कन्नड आणि तेलुगूत एकेरी आणि दुहेरी व्यंजनानं अर्थ बदलू शकतो. मल्लप्पाचा ‘मलप्पा’ झाला की नाव ऐकायला दुसऱ्याच कुणाचं वाटतं. ‘अण्णा’ आणि ‘अन्ना’ यांत तर मोहल्ला कळतो: मराठी आणि कन्नडमध्ये ण, तेलुगूत न. पूर्व भागातल्या घरातली धाकटी बहीण भावाला ‘अन्ना’ म्हणत असेल आणि तुम्ही सवयीनं ‘अण्णा’ लिहिलंत, तर एका अक्षरानं तिचं घर बदललं. तसंच तेलुगूतलं तीन म्हणजे मूडु आणि कन्नडमधलं तीन म्हणजे मूरु.

शब्दाच्या शेवटचा अ हा दुसरा पेच. मराठी वाचक शेवटचा अ गिळतो. ‘घर’ आपण ‘घर्’ असंच वाचतो. कन्नडमध्ये तो अ उच्चारतात. त्यामुळे ‘ऊट’ लिहिलं तर वाचक ‘ऊट्’ वाचेल आणि त्याच्या डोळ्यांपुढे उंट उभा राहायचा. म्हणून गोष्टीत ‘ऊटा’, ‘इल्ला’ असं आ लावून लिहिणं मला जास्त बरोबर वाटतं. कन्नड लिपीत ते तसं नाही, पण तुमचा वाचक मराठी आहे आणि उच्चार त्याच्या तोंडून व्हायचाय.

तिसरी अडचण ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांची. मराठीत त्यांचा भेद नाही, कन्नड-तेलुगूत आहे. कन्नडमध्ये तळ्याला जो शब्द आहे त्यातला ए ऱ्हस्व, आणि गल्लीला, वस्तीला ‘केरी’ म्हणतात त्यातला दीर्घ. देवनागरीत ऱ्हस्वासाठी ऎ, ऒ ही अक्षरं आणि त्यांच्या मात्रा युनिकोडमध्ये आहेत, म्हणजे ते तळं ‘कॆरॆ’ असं काटेकोर लिहिता येतं. शब्दसंग्रह किंवा बोलीची नोंद करत असाल तर ती अक्षरं अवश्य वापरा. कथेत मात्र नको; ओळखीची नसलेली मात्रा दिसली की वाचक संवादातून बाहेर येऊन अक्षराकडे बघत बसतो. तिथे साधं ‘केरे’ पुरतं.

चौथी गोष्ट फसव्या शब्दांची. काही शब्द देवनागरीत उतरले की मराठीतला दुसराच शब्द होतात. कन्नड ‘बा’ म्हणजे ‘ये’, पण मराठी वाचकाला तो बाप वाटतो. तेलुगू ‘ते’ म्हणजे ‘आण’, पण आपण ते सर्वनाम म्हणून वाचून पुढे जातो. तेलुगूत आदरानं ‘या’ म्हणायला ‘रंडि’ म्हणतात, आणि तो शब्द मराठी वाचकाला शिवीसारखा लागतो. म्हणजे आदरानं बोललेलं वाक्य कागदावर अपमान होऊन बसतं. अशा वेळी हट्ट धरू नका. त्याच माणसाच्या तोंडी त्याच प्रसंगात येणारा दुसरा शब्द घ्या. ‘बसा’ या अर्थाचा ‘कूर्चोंडि’ चालेल. ‘ते’ऐवजी ‘तीसुकुरा’, म्हणजे घेऊन ये, हा शब्द फसवत नाही.

मोबाईलवर टंकत असाल तर आपोआप शब्द दुरुस्त करण्याची सोय बंद करा, नाहीतर ‘आतेन्री’चं काहीतरी भलतंच होऊन बसेल. बोलून टंकणंही इथे टाळा. यंत्र जवळचा मराठी शब्द शोधून देतं.

आणि सोलापुरी मराठीलाही हाच मान द्या. ‘काय करायलास बे?’ हे ‘काय करतो आहेस?’ असं सुधारू नका. ‘बे’ मात्र बरोबरीच्यांत किंवा धाकट्यालाच; थोरल्या माणसापुढे तो तोंडात येत नाही. कन्नडमधल्या ‘री’ला मराठीतल्या ‘अहो’ची जागा आहे: ‘बा’ धाकट्याला, ‘बर्री’ मोठ्याला. तेलुगूत ते काम ‘अंडि’ करतं. हे चुकलं तर व्याकरण बरोबर असूनही पात्र उद्धट ठरतं.

पाचवी पायरी: अर्थ कंसात न देता पोचवणं

आता एक प्रसंग घेऊ. टॉवेलचा कारखाना, दुपारची वेळ. शिलाई करणाऱ्या मावशींच्या घरी तेलुगू, टेम्पोवाल्या आप्पांच्या घरी कन्नड, जॉबर चाचांच्या घरी दखनी. दारात नव्यानं कामाला लागलेला मराठी पोरगा.

सर्वांत वाईट पद्धत ही:

“ऊटा आतेन्री (जेवण झालं का), मावशी?”
“इंका लेदु (अजून नाही).”

कंस आला की दोन माणसांच्या मध्ये दुभाषा येऊन उभा राहतो. आता दुसऱ्या पद्धतीनं पाहा:

टेम्पो दाराला लावून आप्पा आत आले. मावशींच्या मशीनशेजारी डबा तसाच बांधलेला.
“ऊटा आतेन्री, मावशी?”
“इंका लेदु, आप्पा. गाठी बांधल्याशिवाय कुठलं जेवण?” आणि आतल्या खोलीकडे वळून, “लक्ष्मी, नीळ्ळु तीसुकुरा, आप्पा आलेत उन्हातनं.”
पोरगी तांब्या घेऊन आली.
“पानी बाद में पीओ, आप्पा,” चाचा बीमजवळून म्हणाले. “माल आज निकलताइच नै बोलके मालक बोले.”
“हौदा?” आप्पांनी तांब्या तोंडाला लावला, पुसला. “मग उद्या येतो की.”

इथे एकाही शब्दाचा अर्थ दिलेला नाही. बांधलेला डबा पहिल्या प्रश्नाचा अर्थ सांगतो. मावशींचं पुढचं मराठी वाक्य ‘इंका लेदु’चा. तांब्या आला की ‘नीळ्ळु’ कळतं, आणि लगेच चाचांच्या तोंडी ‘पानी’ आहे. ‘हौदा’ म्हणजे ‘असं होय?’, हे आप्पांच्या पुढच्या वाक्यावरून समजतं. म्हणजे तीन साधनं झाली: आधी दिसणारी वस्तू, नंतर येणारं उत्तर, आणि तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत पुन्हा येणं. दारातल्या पोराला जेवढं कळलं तेवढं वाचकाला कळलं तर पुरे.

आता कोण कुणाशी काय बोललं ते परत पाहा. आप्पा कन्नडमध्ये विचारतात, मावशी तेलुगूत उत्तर देतात, आणि कुणालाच काही विचित्र वाटत नाही, कारण दोघांना दोन्ही समजतात. कामाची गोष्ट आली की मावशी मराठीवर येतात. लेकीशी बोलताना आधी तेलुगू, पण ‘आप्पा आलेत’ मराठीत, कारण ते आप्पांनाही ऐकू जायचंय. चाचांची दखनी सगळ्यांसाठी आहे. त्यातला ‘इच’ मराठीतल्या ‘च’चा भाऊ आणि ‘बोलके’ आपल्या ‘म्हणून’चा. या जागा बदलून बघा, मावशींना लेकीशी कन्नडमध्ये बोलायला लावा, सगळा प्रसंग लगेच खोटा वाटेल.

प्रमाण किती ठेवायचं? माझा सल्ला असा की सुरुवातीच्या पानांवर कमी ठेवा आणि पुढे वाढवा. वाचक हळूहळू शिकतो. ‘इंका लेदु’ तिसऱ्यांदा आलं की त्याला आधाराची गरज उरत नाही, आणि तेव्हा त्या दोन शब्दांवर अख्खा विनोद किंवा अख्खं भांडण उभं करता येतं.

ही रीत जुनीच आहे. संत एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात मराठी आणि दखनी समोरासमोर येऊन भांडतात. तंजावरचे शहाजीराजे भोसले, ज्यांची कारकीर्द १६८४ ते १७१२, त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात वेगवेगळ्या मुलखांच्या नायिका आपापल्या भाषेत बोलतात. मराठी राजाच्या दरबारात तेलुगू, तमिळ, मराठी एका रंगमंचावर चालत होत्या. मग आपल्या कथेत शेजारची भाषा आणताना संकोच कशाचा?

सहावी पायरी: मिश्र बोलणं कुणाच्या वाट्याला?

याबद्दल मी आग्रही आहे. पुष्कळ लिखाणात नायक, डॉक्टर, शिक्षक शुद्ध मराठी बोलतात आणि मिश्र भाषा फक्त रिक्षावाला, बिडी वळणारी बाई आणि गुंड यांच्या तोंडी येते. हे सोलापूरचं सत्य नाही. इथला वकील अशिलाशी कन्नडमध्ये, कारकुनाशी मराठीत आणि घरी तेलुगूत बोलतो. तुमच्या गोष्टीत शिकलेलं पात्र एकाच भाषेत बोलत असेल तर त्याला कारण हवं: तो बाहेरून आलाय, किंवा घरची भाषा लपवतोय. लपवत असेल तर तो गोष्टीचा फार मोठा धागा आहे, तो सोडू नका.

आणि मिश्र बोलणाऱ्याला चुकीचं मराठी बोलायला लावून हशा मिळवू नका. लिंग चुकलं, वचन चुकलं अशा चुका परकी भाषा शिकणारा करतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या माणसाचं बोलणं म्हणजे चूक नव्हे, त्याला स्वतःचे नियम आहेत.

सातवी पायरी: तपासणी

प्रत्येक भाषेसाठी त्या घरातला एक माणूस गाठा, शक्य असेल तर एक म्हातारा आणि एक कॉलेजातला. त्यांना ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका. भिडेखातर हो म्हणतील. ‘हे तुमच्या घरात कोण म्हणेल, कुणाला म्हणेल?’ असं विचारा. लगेच खरी दुरुस्ती मिळते: ‘आजी असं म्हणायची, आम्ही नाही.’ सोलापूरची कन्नड धारवाडच्या पुस्तकातली नाही आणि इथली तेलुगू विजयवाड्याची नाही, तेव्हा शब्दकोशापेक्षा घरातल्या कानाला जास्त मान द्या.

नंतर संवाद दोघांकडून मोठ्यानं वाचून घ्या, त्यातला एक ती भाषा न येणारा. येणारा जिथे अडखळेल तिथे शब्द चुकलाय. न येणारा जिथे अडखळेल तिथे अक्षर चुकलंय किंवा आधार कमी पडलाय.

दोन घरांत एकच शब्द दोन तऱ्हांनी म्हटला जातो, असं हमखास निघेल. तेव्हा मधला मार्ग काढू नका. आपलं पात्र ज्या घरातलं आहे त्या घराचं रूप घ्या, वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवा आणि त्या पात्राच्या तोंडी शेवटपर्यंत तेच राहू द्या. दुसरं रूप खोडू नका. समोरच्या गल्लीतलं पात्र पुढच्या प्रकरणात येईल तेव्हा ते लागेल.